एर्मिन्सुलच्या टर्नटेबलचे पाय

दर रविवारी दुपारी चारला डोंगरावरून वारा सुटला की माझी बायको नुबिया नाचायचे बूट घालायची, रस्ता ओलांडायची आणि समोरच्या एर्मिन्सुलच्या घरात शिरायची. मी खिडकीत बसून बघायचो. माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकतो. एर्मिन्सुल उंच आहे. बासष्टाव्या वर्षी त्याच्या डोक्यावरचा एक केस गळलेला नाही. शर्टाची इस्त्री मोडत नाही. आणि वर तो माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यात तिला हातावर धरणारा धर्मपिता. अशा नात्यातल्या माणसावर उघड जळताही येत नाही.

त्याआधी तीस वर्षं रविवार माझे होते. आमच्या ओब्रेरो वस्तीत साल्सा संगीताच्या रेकॉर्ड जमवणारे पुष्कळ आहेत, सगळ्या काली शहरातच आहेत, पण तीन हजार रेकॉर्ड माझ्याकडेच. रविवारी लोक काखेत आपापल्या रेकॉर्ड घेऊन माझ्या माडीवर यायचे, खुर्च्या मांडून गोल बसायचे. एकेकाने एकेक लावायची. नुबिया लुलोच्या फळांचं थंडगार सरबत करायची. नियम एकच होता. रेकॉर्ड चालू असताना कोणी नाचायचं नाही. माडीची जमीन लाकडाची. एकाने पाय आपटला की फळ्या हलणार, टेबल हलणार, टर्नटेबल हलणार आणि सुई उडून रेकॉर्डवर ओरखडा पडणार. मांडीवर ठेका धरा, तालावर हातातली घंटा वाजवा, माना डोलवा, पण पाय जमिनीवर गप्प ठेवा. मी दाराशी पाटीच लावली होती: 'इथे ऐकतात.'

लोक ऐकायचे. निदान मला तसं वाटायचं.

मग गेल्या वर्षी एर्मिन्सुलने टर्नटेबल घेतलं आणि जाहीर केलं, "माझ्याकडे नाचलं तरी चालतं." पहिल्या रविवारी माझ्याकडून तीन खुर्च्या कमी झाल्या, दुसऱ्या रविवारी आठ. तिसऱ्या रविवारी नुबिया म्हणाली, "जरा जाऊन येते," आणि जाताना केसांना तेलपाणी करून गेली. समोरच्या खिडकीतून तिचा पिवळा घागरा एकदा इकडून तिकडे गेला आणि तिकडून इकडे आला. एवढ्या अंतरावरूनही मला ऐकू येत होतं की गाणं कुठेही अडखळत नाही.

आता गंमत बघा. आमची दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली. त्याची माडी माझ्यासारखीच, तुळया त्याच, फळ्याही एकाच ट्रकमधून उतरलेल्या. मग माझ्याकडे उडणारी सुई त्याच्याकडे का उडत नाही? सगळ्या वस्तीचं एकमत होतं की त्याने टर्नटेबलखाली काहीतरी परदेशी पाय लावलेत, धक्का गिळणारे. पण ते कोणाला दिसायचे नाहीत. त्याने टर्नटेबलला चहूबाजूंनी क्रोशाची झालर लावली होती, आजारी म्हातारीच्या पलंगाला लावतात तशी.

एकदा बेकरीत गाठ पडली तेव्हा मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "काय कोंपाद्रे, कुठले पाय लावलेत म्हणे?"

"सांगतो की," तो म्हणाला. "आधी तू सांग, तुझ्या त्या कागद चिकटवलेल्या रेकॉर्डवर कोण वाजवतंय?"

मी पाव मोजून पिशवीत भरले. आमच्यात ही रीतच आहे. दुर्मिळ रेकॉर्ड हाती लागली की मधल्या गोल छापावर कागद डकवायचा, म्हणजे दुसऱ्याला नाव कळत नाही आणि तो शोधून आणू शकत नाही. माझ्या त्या रेकॉर्डवरचा कागद मी सतरा वर्षं काढलेला नाही. नुबियासमोरही काढला नाही.

घरी येताना मी ठरवलं की असले पाय मीही आणणार. सुई जागची हलली नाही की नुबिया माझ्या घरात नाचेल, एर्मिन्सुलच्या नाही. हिशेब सरळ होता.

पहिल्यांदा टर्नटेबलचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने मला चार पितळी सुळे विकले. खाली टोकदार, वर स्क्रू. घरी आणून लावले, रेकॉर्ड लावली आणि पोटावर आडवा होऊन डोळा सुईच्या पातळीला आणला. नुबिया शिवणकाम करते, नाचणाऱ्या पोरींचे झगे शिवते. तिला हाक मारली.

"नुबिया, जरा उडी मार."

ती गळ्यात टेप अडकवलेली तशीच आली. "कुठे?"

"तिथे दाराजवळ."

"किती?"

"बेताची मार."

तिने बेताची मारली. सुई तीन गाणी ओलांडून पलीकडे पडली. जमिनीचा प्रत्येक धक्का त्या सुळ्यांनी इमानदारीने वर पोचवला होता. पूर्वीचे रबरी पायच बरे होते म्हणायची वेळ आली.

"एर्मिन्सुलकडे पाचजणी नाचतात," नुबिया म्हणाली. "त्यात लिगियाही असते."

लिगिया बाजारात मासे विकते आणि तिला जिना चढताना बघून जिन्याची कीव येते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी त्याने मऊ, चिकट, जेलीसारखे पाय दाखवले. "तुमच्या टर्नटेबलचं वजन किती?" त्याने विचारलं.

"असेल वीसेक किलो," मी छाती काढून म्हणालो. आपली वस्तू कोणी हलकी सांगतं का?

वीस किलोच्या हिशेबाचे ते पाय माझ्या टर्नटेबलखाली दगडासारखे बसले. दबलेच नाहीत. नुबियाने उडी मारली, सुई उडाली. ते परत करून मी हलक्या वजनाचे आणले. ते दोन दिवसांत चेपून भाकरीसारखे झाले, एक तर मागच्या बाजूला फाकून बाहेर आला. नुबियाने उडी मारली, सुई उडाली. उड्या मारून मारून तिचा पाय दुखायला लागला, ती गुडघा चोळत खुर्चीवर बसली, आणि मी दुकानदाराला शिव्या घालत राहिलो.

शेवटी टर्नटेबल चादरीत गुंडाळून मी बाजारात लिगियाच्या काट्यावर नेलं.

"अग्गोबाई," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हे तळायचं की रश्श्यात घालायचं?"

"वजन कर गुपचूप."

"साडेअकराला थोडं कमी. बघ बाबा, ताजं दिसत नाही."

आजूबाजूचे सगळे हसले. मी चादर पुन्हा गुंडाळली. त्या वजनावर दुकानदाराने या वेळी स्प्रिंगांचे पाय दिले. प्रत्येक पायात सात बारीक स्प्रिंगा, हव्या तितक्या ठेवायच्या, नको त्या काढायच्या. मी चारही पायांत सारख्याच ठेवल्या. टर्नटेबल एका बाजूला कललं आणि नुबिया नुसती खोलीत शिरली तरी डुलायला लागलं.

"तू सगळीकडे सारख्या का घातल्यास?" तिने विचारलं.

"वजन साडेअकरा. भागिले चार."

"एवेलिओ, बाईच्या अंगाचं माप घेताना मी तिला तू एकूण किती किलो असं विचारत नाही. कुठे किती आहे ते बघते."

तिने स्वयंपाकघरातला काटा आणला. तीन कोपऱ्यांखाली सारख्या जाडीची पुस्तकं ठेवली, चौथा कोपरा काट्यावर, असं करत चारही कोपरे तोलले. सुईच्या दांडीचा कोपरा सगळ्यांत जड निघाला, समोरचा डावा सगळ्यांत हलका. एकात पाच स्प्रिंगा, दोन पायांत चार-चार, एकात तीन. मग बशीत पाणी घालून ती टर्नटेबलवर ठेवली आणि पाणी सपाट होईपर्यंत फिरवाफिरव केली. शेवटी टेबल खोलीच्या मधून काढून भिंतीला लावायला सांगितलं, कारण तिथे तुळया भिंतीत शिरतात आणि जमीन कमी हलते. उड्या मारमारून तिच्या पायांना तेवढं कळलं होतं.

मी आडवा झालो. डोळा सुईला लावला. तिने उडी मारली. मग जोरात मारली. मग उड्या सोडून तिने खरीच पावलं टाकायला सुरुवात केली, आमच्याकडची ती भराभर पावलं, जी बघताना कुठला पाय कुठला ते कळत नाही. सुई ढिम्म. खोबणीतून अशी चालली होती जणू घरात कोणी नाहीच.

"हलली नाही!" मी ओरडलो. "जागची हलली नाही!"

नुबिया मधोमध उभी राहिली. धापा टाकत होती. तिने माझ्याकडे हात पुढे केला.

"मग ये की," ती म्हणाली.

"थांब, स्प्रिंगांवर फडकं फिरवून घेतो," मी म्हणालो, "धूळ बसेल."

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग ती आत जाऊन शिवायला बसली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण माझ्या डोक्यात एव्हाना रविवार सुरू झाला होता.

मी घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. एर्मिन्सुलला सगळ्यांत आधी. दाराची पाटी काढली. चार वाजता माझी माडी गच्च भरली, जुन्या दिवसांसारखी. आणि मी झालर वगैरे काही लावली नाही. उलट दिवा खाली ठेवला, म्हणजे पाय नीट दिसावेत.

एर्मिन्सुल गुडघ्यावर बसून बघत राहिला. एकेक स्प्रिंग मोजली. "वा, कोंपाद्रे," तो म्हणाला. "हे खरं काम. माझ्याकडे यातलं काही नाही रे."

"म्हणजे?"

"झालरीखाली काही नाही. कारखान्यातून आलेले रबरी पाय आहेत तसेच. मी सुईच्या डोक्यावर एक नाणं चिकटवतो. वजनाने सुई दबून राहते, उडत नाही."

कोणीतरी कपाळावर हात मारला. सुईवर नाणं! आमच्यात ते करणाऱ्याला दारात उभं करत नाहीत. सुई दाबली जाते आणि रेकॉर्ड आतून खरवडून निघते. पन्नास वर्षं जपलेली रेकॉर्ड वर्षभरात खरखरायला लागते. खरं सांगतो, अर्धा मिनिट तरी मी काली शहरातला सर्वांत सुखी माणूस होतो.

"म्हणजे तू वर्षभर रेकॉर्ड सोलतोयस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "थोड्या गेल्या."

"गेल्या तर गेल्या," लिगिया कोपऱ्यातून म्हणाली. "आम्ही नाचलो ना. कपाटात ठेवून त्या काय लोणचं घालणार होता? एवेलिओ, लाव आता काहीतरी."

मी ती कागद डकवलेली रेकॉर्ड काढली. कागद तसाच ठेवून लावली, सतरा वर्षांत पहिल्यांदा नाचासाठी. ट्रम्पेट सुरू झाले आणि माणसं उठली. तीस वर्षांत माझ्या माडीवर पहिल्यांदा कोणीतरी नाचत होतं, पाचजण, मग दहा. जमीन होडीसारखी हलत होती. सुई ढिम्म. मी टर्नटेबलच्या बाजूला उभा राहून त्या सुईकडे बघत होतो, आणि बघून झाल्यावर मान वर केली.

नुबिया नाचत होती. माझ्या घरात, माझ्या रेकॉर्डवर, मी बसवलेल्या पायांच्या भरवशावर. आणि एर्मिन्सुलबरोबर. त्याचा तळहात तिच्या पाठीवर टेकला होता, नुसता टेकला होता, ओढत नव्हता, आणि तरी ती बरोबर तिथे जात होती जिथे तो जाणार होता. तिचा चेहरा मी लग्नाच्या आधी बघितला होता तसा झाला होता. समोरच्या खिडकीत मला नुसता घागरा दिसायचा. आता सगळंच दिसत होतं, तेही तीन हातांवरून. हे मी माझ्या हाताने, वजन करून, घरात आणलं होतं.

"एवेलिओ, आता तरी ये!" लिगिया ओरडली. "आता कुठे उडतेय सुई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाचता नाचता बघत होते, हसत होते. एर्मिन्सुलने नुबियाचा हात सोडून माझ्यासाठी जागा केली. "ये कोंपाद्रे," तो म्हणाला, "तुझीच जोडीदारीण आहे."

मी खाली सुईकडे बघितलं. ऊड, मी मनात म्हणालो. ऊड ना. ती उडेना.

मग माझी मांडी टेबलाला लागली. लागली असं मी मनाशी म्हणालो. खरं म्हणजे मी मारली. खर्रर्र करून सुई रेकॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि नाचणारी पावलं जागीच थांबली.

"अरेरे," कोणीतरी म्हणालं.

"माझाच पाय लागला वाटतं," एर्मिन्सुल म्हणाला. "माफ कर, कोंपाद्रे."

तो टेबलापासून चार पावलं लांब उभा होता. ते सगळ्यांना दिसत होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. लोकांनी रेकॉर्ड काखेत मारल्या, सरबताची तारीफ केली आणि अर्ध्या तासात माडी रिकामी झाली.

नुबिया ग्लास गोळा करत होती. "स्प्रिंगा चांगल्या बसल्या होत्या," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "नुबिया, मला नाचता येत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नापासून. तीनदा माझ्या बुटावर पाय दिलास आणि म्हणालास, हा बँडच बेताल आहे."

"आणि बाकीच्यांना?"

"एवेलिओ, या शहरात माणूस बसची वाट बघत कसा उभा राहतो त्यावरून लोकांना कळतं."

"मग तीस वर्षं सगळे बसून का राहिले? सुईसाठी?"

"सुईचं कोणाला पडलंय! तुझी शोभा होऊ नये म्हणून बसले. पहिल्या रविवारी सगळे उठायला लागले होते, आठवतं? तू सुईचं काहीतरी बोललास. तेव्हा एर्मिन्सुल खाली बसला. म्हणाला, कोंपाद्रेच्या घरी कोंपाद्रे म्हणेल तसं. मग बाकीचे बसले."

या माणसाचं काहीतरी वाईट निघावं म्हणून मी वर्षभर देवाकडे डोळे लावले होते, आणि निघालं ते हे.

"मग गेल्या वर्षी काय झालं?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाला, माझा गुडघा फार दिवस साथ देणार नाही. दोन वर्षं, फार तर तीन. मग म्हटलं, बसून खूप झालं. मीच एर्मिन्सुलला म्हणाले की तू टर्नटेबल घे."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने ग्लास एकात एक घातले. "तुला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू मला सुईचं सांगितलं असतंस."

आणि या गुडघ्यावर मी तिला पंधरा दिवस उड्या मारायला लावल्या होत्या. एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. ती आत गेली. मी स्प्रिंगांकडे बघत बसलो आणि मला त्या एकदम नकोशा झाल्या.

सोमवारी सकाळी नुबिया झग्याची मापं घ्यायला एका गिऱ्हाइकाकडे गेली. ती कोपऱ्यावर वळली तसा मी रस्ता ओलांडला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याच्या जिन्याची पायरी चढलो. एर्मिन्सुल नुसतं बनियन घालून कॉफी गाळत होता. बनियनलाही इस्त्री होती.

"बस," तो म्हणाला.

"बसत नाही," मी म्हणालो. "कोंपाद्रे, मला नाचायला शिकव."

तो हसेल म्हणून मी वाट बघितली. हसला असता तर बरं झालं असतं, मी भांडून परत आलो असतो. त्याने गॅस बंद केला, खुर्च्या भिंतीला लावल्या, रेकॉर्ड लावली आणि नाण्याकडे बोट करून म्हणाला, "हे आज राहू दे. तू धडपडणार." मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझा उजवा हात उचलून त्याने स्वतःच्या पाठीवर ठेवला.

"मी नुबिया आहे," तो म्हणाला. "ओढू नकोस. नुसता टेकव."

मी टेकवला. दोनदा त्याच्या पायावर पाय दिला. तिसऱ्यांदा त्याने न बोलता आपला पाय आधीच बाजूला घेतला, तोही तालात, आणि माझी चूक अशी झाकली की बघणाऱ्याला ती गिरकीच वाटली असती. बाईच्या बाजूनेही तो इतका सुंदर नाचत होता की मी पुन्हा जळून खाक झालो, पण हात काही काढला नाही.